दौलतचं बीपी

बेल्ह्याच्या बैलबाजाराला आमी तिघं एकाच टेम्पोत जातो. राजुरीचा मी, निरगुडसरचा दौलत आन् जुन्नरचे रफिकभाई. तिघंबी जनावरांचे व्यापारी. इतकी वर्षं एका टेम्पोत बसल्यावर किस्से साठणारच. गोठ्यातल्या शेणागत, काल काढलं तरी आज हायेच. पूर्वी सांगताना हसू यायचं. आता दौलतचा विषय निघाला की हसू अर्ध्यावरच राहतं राव.

*

बाजारात एकदा तपासणीचं शिबिर लागलं. सिस्टरनी दौलतच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आन् परत बांधला.

"काका, बीपी खूप वाढलंय. घरात कुणाला आहे का?"

"वडलांच्या अंगावरनं वारं गेलं, त्यातच संपले. थोरला भाऊबी एका अंगानं लुळा पडलाय. पण मी आईच्या वळणावर गेलोय."

रफिकभाई म्हणाले, "दौलतराव, खोंड घेताना तुमी त्याचा बाप बघता, बापाचा बाप बघता. आन् सोताच्या येळंला आईचं वळण?"

सिस्टरसुद्धा हसल्या. दौलत तेवढा हसला न्हाई.

*

वहिनींनी घरातलं मीठ निम्म्यावर आणलं, पापड-लोणचं बंद केलं. दौलत समदं ताट पुसून खायचा. आमाला वाटलं, सुधरला.

मग एकदा टेम्पोत दौलतनं डबा उघडला. गड्यानं मागं हात घातला, जनावरांसाठी ठेवलेल्या पोत्यातलं जाडं मीठ चिमटीत घेतलं आन् भाजीवर टाकलं. वर तंबाखूचा बार भरला.

"बैलाला चालतं, मला न्हाई व्हय?"

आमी लई हसलो. मग रफिकभाईंनी ते पोतं त्याच्या हाताला लागणार न्हाई असं लांब सरकवलं.

*

गोळी तो फक्त बाजाराच्या दिवशी घ्यायचा. मी म्हणलं, रोज घ्यायची असती. तर म्हणतो, "रोज कशाला? भाव बाजाराच्या दिवशी चढत्यात, बीपीबी तवाच चढणार!"

*

एकदा त्याच्या घरी गेलो. थोरला भाऊ ओट्यावर बसलेला, तोंड वाकडं, एक हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा. दौलत त्याला दुधात कुस्करलेली भाकरी भरवत व्हता. मधे मधे हनुवटी पुसायचा.

माघारी निघताना टेम्पोपाशी आला आन् हळूच म्हणाला, "गड्या, मला त्या ओट्यावर बसायचं न्हाई. लई भ्या वाटतं."

"मग गोळी घे की रोज."

"घेतो, घेतो."

मला तवाच कळलं, घेणार न्हाई. आन् भ्या मलाबी वाटलं.

*

आमच्यात भाव तोंडानं सांगत न्हाईत. दोघांनी उपरण्याखाली हातात हात घ्यायचे आन् बोटं दाबून आकडा सांगायचा. भवतालच्याला पत्ता लागत न्हाई.

मागल्या बाजारात माझी बैलजोडी दौलतलाच पायजे व्हती. उपरणं टाकलं. त्यानं माझी बोटं दाबून भाव सांगितला. मी मान हलवली आन् माझा आकडा दाबला. तो डाव्या हातानं चहा पीत व्हता.

बराच येळ त्याच्याकडनं जबाब येईना. मुरलेला गडी, मला वाटलं ताणतोय. मीबी गुमान थांबलो. असंच करतात, जो आधी हलंल तो हरला.

समोरनं रफिकभाई म्हणाले, "दौलतराव, चहा सांडतोय."

बघितलं तर चहा त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातनं सदऱ्यावर ओघळत व्हता. तो माझ्याकडंच बघत व्हता.

मी उपरण्याखाली त्याची बोटं दाबली. "बोल की, दौलत."

बोटं माझ्या हातात तशीच पडून व्हती. ऊन व्हती, पण जबाब देत नव्हती.