दोनच शब्द

मोटरसायकलींची मोठी रॅली बघायला सगळं शहर चौकात लोटलं होतं. मेस्त्री मात्र सकाळी सातपासून पुलाच्या उतारावरच्या वळणावर, कठडा धरून उभे. चाळीस वर्षं इंजिनं खोललेल्या माणसाला एवढं कळतं, की चौकात गाड्या नुसत्या बोंबलतात. वळणावर गिअर खाली येतो, तिथे इंजिन खरं बोलतं.

रॅलीशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. त्यांना एकच गाडी हवी होती आणि तिच्यावरचा त्यांचा मुलगा. सात वर्षांपूर्वी गॅरेजमध्ये चार गिऱ्हाइकांसमोर मेस्त्री त्याला म्हणाले होते, "साधी चेन ताणता येत नाही आणि म्हणे मेस्त्रीचा मुलगा!" पोरगा हातसुद्धा न पुसता आपल्या जुन्या गाडीवर बसला आणि गेला, तो गेलाच. परवा स्पेअरपार्टवाल्याने सांगितलं, की बाहेरगावच्या जथ्यात तसली जुनी गाडी येतेय.

बायको दोन महिने अंथरुणाला खिळलेली. निघताना तिने बजावलं, "अहो, दोनच शब्द बोला. 'घरी ये.' तिसरा बोलाल तर माझी शपथ आहे. तुमची जीभ मला ठाऊक आहे."

मेस्त्री ते दोन शब्द वाटभर घोकत आले होते.

गाड्या आल्या. सगळ्यांची तोंडं हेल्मेटात; आता यात माणूस काय डोंबल ओळखणार? मेस्त्रींनी डोळेच मिटले आणि कान लावले. शंभर गेल्या, दोनशे गेल्या. शेजारची बाई मोबाइल उंचावून किंचाळत होती, तिचं तोंड दाबावंसं वाटत होतं. निघून तर गेला नसेल?

मग तो आवाज आला. सायलेन्सर मेस्त्रींनीच वेल्डिंग करून बनवलेला. जड, दमाने पडणारा ठोका. ते कठड्याखालून वाकून थेट रस्त्यावर आले आणि दोन्ही हात वर केले. गाडी हळू झाली. दहा हातांवर आली. हेल्मेटची काच वर सरकली. आत तेच डोळे, कडांना सुरकुत्या धरलेले.

नेमकं तेव्हाच मेस्त्रींच्या कानाने ठोक्याखालचं दुसरं काही टिपलं. चेन गार्डावर आपटत होती. ही तुटली तर चाक जाम होईल, पोरगं तोंडावर पडेल.

"अरे, चेन ढिली आहे!" मेस्त्री ओरडले.

काच खाली आली. "घरी ये! अरे, घरी ये!" म्हणेपर्यंत गाडी वळून गेली होती, आणि मागून येणाऱ्या गोंगाटात मेस्त्रींना स्वतःचाच आवाज ऐकू आला नाही. कुणीतरी त्यांना दंडाला धरून बाजूला ओढलं.

दुपारी घरी आले तेव्हा बायको उशीला टेकून बसलेली.

"दिसला?"

"दिसला."

"थांबला? बोललात?"

"बोललो."

"दोनच शब्द ना?"

मेस्त्रींनी खाली बघून मान डोलावली.

"मग येईल तो. आईबापाने बोलावल्यावर कोण येत नाही?" असं म्हणत ती भिंतीला धरून उठली, दोन महिन्यांत पहिल्यांदाच. स्वयंपाकघरात जाऊन तिने फळीवरचं तिसरं ताट काढलं आणि पदराने पुसायला लागली. मेस्त्री दारात उभे राहून बघत होते. "राहू दे" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं.