घासायची फळं

चकचकमावशीचा त्या फळावर राग होता, आणि तो उगाच नव्हता. कार्यांना भाड्याने भांडी देणाऱ्या दुकानात ती भांडी घासायची. दुकानाच्या मागच्या अंगणात बिलिंबीचं झाड होतं. बोटाएवढी हिरवी फळं, खोडालाच घोसाघोसाने चिकटलेली. ती ठेचून पितळेवर चोळली की काळंकुट्ट पातेलं लखलखीत निघायचं. मावशीचं नाव त्यावरूनच पडलं. पण तोच आंबट रस तिच्या बोटांच्या भेगांत शिरून नुसता जीव काढायचा. साबणाने कितीही हात धुतले तरी जेवताना घासाला तोच वास. नवरा गेल्यापासून तर जेवणही तिला आणखी एक पातेलं वाटायचं. पुढ्यात आलं, उरकलं, पालथं घातलं.

घरात आता सून होती. मुलगा ट्रकवर, आला तर आला. दोघी एका खोलीत, पण वेटिंगरूममध्ये शेजारी बसल्यासारख्या. सून लांबून आलेली. भात नुसता चिवडायची आणि उठायची. मावशीला ते दिसत नव्हतं असं नाही. पण संध्याकाळी घरी आल्यावर "काय गं, जेवत का नाहीस?" एवढं विचारायचंही त्राण तिच्यात नसायचं. उद्या विचारू, उद्या विचारू करता करता एका संध्याकाळी दाराशी भरलेली बॅग दिसली.

"परवा सकाळच्या गाडीने माहेरी जाते," सून म्हणाली.

"परत कधी येशील?"

सुनेने बॅगेचा पट्टा आवळला. मावशी काय समजायचं ते समजली. पोर गेली की गेली. मग ट्रकवरचा तरी या घरी कशाला थांबेल? पण घाबरायलाही अंगात जोर लागतो. ती तशीच भिंतीला टेकून बसली.

घरची कळशी घासायला तिने पिशवीतून थोडी बिलिंबी आणली होती. सुनेने पिशवी उचलली, आत पाहिलं आणि एक फळ कचकन चावलं.

"अगं अगं! घासायची आहेत ती!"

"आमच्याकडे डाळीत घालतात," सून तोंड वाकडंतिकडं करत म्हणाली. इतक्या दिवसांत तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं होतं. "परसात झाड होतं आमच्या."

"आतडी चकचकीत होतील."

सुनेने भराभर चकत्या केल्या, माहेरून आणलेलं पितळी पातेलं काढलं, त्यात डाळ ओतली, वर चकत्या टाकल्या. ती गॅस पेटवणार एवढ्यात मावशी गुडघे धरत उठली आणि तिने पातेलंच सुनेच्या हातून हिसकावलं.

"नाही आवडत तर तसं सांगा ना," सुनेचे डोळे भरून आले. "फेकता कशाला?"

"फेकतंय कोण? आत बघ, कल्हई उडालीय सगळी. यात आंबट कळकतं, बाई. सकाळी दोघी ओकत बसू." मावशीने सगळं स्टीलच्या पातेल्यात ओतलं आणि गॅस पेटवला.

पहिल्या घासाला तिचे डोळे गच्च मिटले. कानशिलं ठणकली, तोंडाला पाणी सुटलं. शिजून त्या फळाचा तोरा उतरला होता, पण चव अशी काही होती की जीभ जागी झाली. मावशीने पुन्हा डाळ घेतली, मग बोटं चाटली. त्याच भेगांची बोटं.

"मेल्यांनो," ती ताटातल्या चकत्यांना म्हणाली, "इतकी वर्षं नुसते चावत होतात होय मला!"

सून खुदकन हसली आणि तिनेही पुन्हा भात घेतला. बॅग मात्र दाराशीच राहिली. जाऊ नकोस, हे दोन शब्द मावशीच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच बसून राहिले. बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं.

सकाळी ती सुनेचं पातेलं काखेत मारून कामावर गेली. अंगणात फतकल मारून आधी तेच घासायला घेतलं.

"अहो, उद्याच्या कार्याची पातेली कोण घासणार?" मालक ओरडला.

"घासते हो! ती काय पळून चाललीत?"

दुपारी कोपऱ्यावरच्या कल्हईवाल्याला गाठून तिने आतून कल्हई करून घेतली. मग मालकाच्या पातेल्यांचा ढीग उपसला. संध्याकाळी घराच्या वळणाशी आल्यावर तिने पातेलं या काखेतून त्या काखेत घेतलं. आजच निघून गेली असली तर?

दार उघडं होतं. बॅग तिथेच होती, उद्या सकाळच्या गाडीसाठी बांधलेली. सून गॅसपाशी बसून होती, डाळ शिजवून ठेवलेली. मावशीने पातेलं तिच्यापुढे ठेवलं. सुनेने ते आतून-बाहेरून न्याहाळलं, काठावरून बोट फिरवलं. मग तिने मावशीची पिशवी उलटी करून झटकली.

"आणि फळं?"

मावशी कपाळाला हात लावून खालीच बसली. "अगं, हाताला येत होती तेवढी सगळी या पातेल्यालाच लागली."

सुनेने पातेलं उचलून फळीवर मांडलं.

"बरं," ती म्हणाली. "मग उद्या आणा."