पुलावरची ड्युटी

अर्धापूरच्या पुढं केळीच्या बागांमधून रेल्वेचा नवा पूल उभा राहत होता, तेव्हा आमच्या घरी जेवताना दुसरा विषय नसायचा. "आज सातव्या खांबाच्या टोपीचं काँक्रीट भरलं," अण्णा, म्हणजे माझे वडील, पहिल्याच घासाला सांगायचे. जसं काही सगळं काम यांनाच विचारून चाललं होतं!

अण्णा रेल्वेत चावीवाले होते. ठरलेला पल्ला रोज पायी तुडवायचा, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या हातोडीनं ठोकत जायच्या, सैल असेल ती बसवायची. जन्म त्यात गेला. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन लाइनीवर जायचे. त्यांनी लाल झेंडी वर केली की असेन तिथं थांबायचं, पाय उचललेला असला तरी, हा आमचा खेळ. तो खेळ नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांचं विसरणं सुरू झालं. एकटं सोडू नका, असं नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण घरात आम्ही दोघंच, मी शाळेवर शिकवायला जाणार, माणसाला बांधून कसं ठेवायचं? अण्णा रोज पुलाचं काम बघायला जायचे, तिथला वॉचमन त्यांना सावलीत बसवून चहा पाजायचा. मी त्याच्यावर भरवसा टाकून मोकळी झाले. चूक माझीच.

एका रविवारी सकाळी मेथी निवडत असताना वॉचमनचा फोन आला. "ताई, लवकर या. बाबा वर गेलेत, पुलावर. मी ट्रक आत घेत होतो, तेवढ्यात..."

स्कूटी कशी चालवली, मला आठवत नाही. मी इतकी भित्री की गच्चीवर पापड घालायचे म्हटले तरी कठड्याशी जाववत नाही. त्या दिवशी मातीच्या भरावावरून थेट स्लॅबवर चढले. दोन्ही बाजूंना कठडा नव्हताच. खाली केळीच्या बागा कोथिंबिरीच्या वाफ्यांएवढ्या दिसत होत्या. आणि स्लॅब संपायला थोडाच उरला होता, तिथं अण्णा खाली मान घालून काठीनं ठकठक करत चालले होते.

"अण्णा! थांबा!"

ते वळले. मी पळत सुटले. नव्या स्लॅबवर पाणी टिकावं म्हणून ओली गोणपाटं अंथरलेली होती. खाली न बघता, अण्णांवर नजर ठेवून मी त्यावरून धावत होते. तेवढ्यात त्यांनी खांद्यावरचा लाल रुमाल ओढला आणि दोन्ही हातांनी वर धरला.

माझे पाय जागीच थांबले. मी थांबवले नाहीत.

"म्होरं येऊ नको माय. खाली पोकळ हाय."

त्यांनी काठीनं गोणपाट सारलं. माझ्यापासून दोन पावलांवर स्लॅबला चौकोनी भोक होतं, माणूस सहज जाईल एवढं. त्यातून खालची काळी माती दिसत होती. मी मटकन बसले आणि लहान पोरीसारखी रडले.

मागून वॉचमन आला. पण अण्णा हलेनात. "बाबा, गाडी कुठून येणार? अजून रूळच नाहीत," तो काकुळतीला आला. अण्णांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की जणू वेड त्यालाच लागलंय. लाइनीवर धोका सापडला की लाल झेंडी धरून उभं राहायचं, बदलीचा माणूस येईपर्यंत जागा सोडायची नाही. माझं नाव ते अधूनमधून विसरायचे. हे विसरले नव्हते.

मी उठले, भोकाला वळसा घालून त्यांच्यापाशी गेले.

"द्या अण्णा. ड्युटी मी घेते."

त्यांनी मला खालीवर न्याहाळलं. "भेशील."

"न्हाई भ्यायची."

चक्क खोटं बोलले. त्यांनी रुमाल माझ्या हातात दिला आणि वॉचमनचा हात धरून निघाले. दर दहा पावलांवर मागं वळून बघायचे, मी जागेवर आहे का नाही. वारा सुटला होता. ते भराव उतरून दिसेनासे होईपर्यंत मी त्या भोकाशी रुमाल वर धरून उभी राहिले.