शिशावरची हळद

स्वतःविरुद्ध तक्रार करायला आरमारनाना कधी मागे राहत नसत. पाणीपुरवठ्याच्या मीटिंगला लोक उठत ते शेजाऱ्याच्या चोरट्या नळाबद्दल बोलायला. नाना उठत ते हे सांगायला की, "माझ्या टाकीचा व्हॉल्व बिघडलाय, लई पानी वाया गेलं. मला दंड लावा." लोक हसत. नाना खाली बसत नसत. "हसू नका. बोटीत ज्याला गळती दिसली त्यानं ती आधी बोलायची. कुनामुळं झाली ते मागून बघू."

मुंबईला आरमाराच्या गोदीत बोटी दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन मुळा धरणाच्या काठावरच्या आमच्या गावी परतले आणि आरमारनाना झाले. येताना त्यांनी फ्रीज आणला नाही, सोफा आणला नाही. भंगारातून घेतलेली एक जुनी शिडाची नाव ट्रेलरवर घालून आणली. उसाच्या ट्रॉल्यांमागून ती वरात गावात शिरली तेव्हा पारावरून कुणीतरी ओरडलं, "नाना, समुद्र मागून येतोय का?"

"व्हय. म्हनला, तुमी व्हा म्होरं."

नाव आणली ती नानींसाठी. नाना मुंबईत असताना नानींनी इथे सासू-सासरे सांभाळले, गायी सांभाळल्या. बोट त्यांनी फक्त फोटोत पाहिलेली. त्यांचं मागणं एकच होतं, "एकदा तरी बसवा मला." पोहता येत नसल्याने त्या भीतही होत्या. नाना समजूत घालत, "बुडायची न्हाई. पोटाखाली शिशाचा जड पंखा हाय, त्याला कील म्हनत्यात. वाऱ्यानं आडवी केली तर ते शिसं तिला परत उभी करतं."

हे ऐकून नानींची भीती गेली आणि मी पेटले. माझे वडील आयुष्यभर गावच्या प्रश्नांवर पत्रकं काढत आले. इतर पोरं गोष्टी ऐकत झोपतात, मी मुद्रितशोधन ऐकत झोपले. शिसं म्हणजे विष, आणि धरणाचं पाणी सगळा गाव पितो. हौस एकाची आणि घोट सगळ्यांचा, हे मला मान्य नव्हतं. मी तडक त्यांच्या वस्तीवर गेले. "नाना, हे शिसं पाण्यात उतरलं तर मी पत्रक काढीन."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "बरोबर हाय तुझं. ग्रामसभेत चल, दोघं मिळून बोलू."

ग्रामसभेत माझा आक्षेप त्यांनी माझ्याआधीच मांडला, तोही माझ्यापेक्षा धारदार. मग शब्द दिला. कीलचे खड्डे बुजवून तिला इपॉक्सीचे, पाणी आत न घेणारे थर चढवू. शिसं नखाएवढं जरी उघडं दिसलं, तरी नाव पाण्याबाहेर. कायमची.

काम मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. नाना तोंडाला मास्क बांधून बसत. धूळ उडू नये म्हणून पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासत. खाली प्लास्टिक अंथरलेलं असे आणि चुऱ्याचा कण न् कण झाकणाच्या डब्यात जाई. घासलेलं शिसं चांदीसारखं चमकतं, पण लगेच काळवंडायला लागतं. त्याआधी पहिला हात बसला पाहिजे. "शिसं आन् रुसका जावई सारखाच," नाना म्हणत. "तोंड फिरवायच्या आत धरायचा."

नेमक्या त्या चमकत्या घटकेला नानी ताट घेऊन आल्या. आमच्याकडे नवा ट्रॅक्टर असो की विहिरीवरची मोटर, हळद लागल्याशिवाय सुरू होत नाही. त्यांनी तेलात कालवलेली हळद घेतली आणि कीलवर पाच बोटं उमटवली. नाना ब्रश धरून उभे. नानी गेल्यावर त्यांनी फडक्याने ती जागा पुसली आणि इपॉक्सीचा हात मारला.

नाव पाण्यात उतरली. नानींना बसवण्याआधी काही आठवडे तिची परीक्षा घ्यायची असं नानांनी ठरवलं होतं. ते आठवडे संपल्यावर त्यांनी ती ट्रॅक्टरने एकट्यानेच बाहेर ओढली. संध्याकाळी आमच्या दारात उभे. चेहरा उतरलेला.

"पोरी, लिही पत्रक. माझं नाव मोठ्या अक्षरात घाल."

थर सुटला होता, बरोबर पाच बोटांच्या आकारात. खाली करडं शिसं उघडं पडलेलं. मी लिहिलं. नाना ते स्वतः दूध डेअरीवर वाटत उभे राहिले. वडील म्हणाले, "ज्याच्याविरुद्ध आहे तोच वाटतोय, असं पत्रक मी जन्मात काढलं नव्हतं."

ग्रामसभेत नाना म्हणाले, "तेल मला दिसलं हुतं. थिनरनं पुसायला पायजे हुतं. पन तिनं हौसेनं लावल्यालं, रगडून काढायला हात धजला न्हाई. चूक माझी. नाव आता बाहेर."

बायकांतून नानी उठल्या. "हात माझा हुता. त्यांना कशाला बोलता?"

"अगं, कोन बोलतंय? मीच बोलतोय!"

सभा हसली, पण नानी डोळे पुसत खाली बसल्या. शब्द म्हणजे शब्द, असं मला वाटत होतं. तरी मी उठले. तत्त्व पाण्याच्या बाजूने होतं, नावेच्या विरुद्ध नव्हतं. मी म्हणाले, "कील नावेपासून सोडवा. थर नव्याने द्या. आणि धरणात नको, नानांच्या स्वतःच्या हौदात बुडवून ठेवा. उन्हाळाभर टिकली तर बघू." सभेने ते मान्य केलं. नानींनी त्या वेळी लांबूनच हात जोडले.

हौद रिकामा करायच्या दिवशी अर्धं गाव जमलं. त्याआधी पाणी तपासायला पाठवलं होतं. त्यात शिसं नव्हतं. तरी माझा विश्वास माझ्या हातावर. मी आत उतरले आणि कीलवरून तळवा फिरवला, वरून खाली, दोन्ही अंगांनी. कुठे फोड नाही, कुठे भेग नाही. "नाना, पक्की आहे," एवढंच मी म्हणाले आणि माझाच जीव भांड्यात पडला. नाना हौदाच्या काठावर बसले आणि टोपीने वारा घेऊ लागले.

नाना-नानी आता पुण्याला लेकीकडे असतात. मी अजून पत्रकं लिहिते. लिहिण्याआधी समोरच्याला जाऊन सांगते. पुष्कळ वेळा दार आपटलं जातं. पण एखादा तरी हातातलं काम ठेवून ऐकेल, ही आशा मला नानांनी लावली.

आणि कील परत बसवून नाव धरणात उतरवली तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. नानी लुगड्याचा काष्टा घट्ट करून नावेत बसल्या होत्या, शीड भरलं होतं. नानांनी सुकाणूचा दांडा त्यांच्या हातात दिला. "हे बघ, दांडा हिकडं दाबला की नाव बरोबर उलटी, तिकडं वळती."

"मग शिकवायचं काय त्यात?" नानी म्हणाल्या. "तुमच्यासंगं संसार केलाय मी."