सुभेदार आणि आशाबाईची परात

पहिला घोळ वरच्या खोलीतल्या भाडेकरूनं, म्हणजे हे लिहिणाऱ्यानंच घातला. घरमालकीण चतुराबाई भाजी आणायला गेल्या होत्या. तेवढ्यात उपकार करावेत म्हणून यानं सुभेदाराचा शी-मुताचा टब फिनेलनं घासला, उन्हात वाळवला आणि ताजी रेती भरून ठेवला. सुभेदार म्हणजे चौदा वर्षांचा पिवळा बोका. तो आला, टब हुंगला, तिकीट न लावलेला अर्ज तहसीलात बघतात तसं भाडेकरूकडं बघितलं आणि घरात जाऊन शिवायला पसरलेल्या गोधडीवर बसला. उठला तेव्हा गोधडी ओली होती.

चतुराबाई आल्या, पिशवी ठेवली आणि गोधडी उचलून मोरीकडं नेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मुकुंदवाडीत तीस वर्षं त्या गोधड्या शिवतात. जमिनीवर बसून, एक पाय दुमडून, टाक्यामागं टाका. गुडघे त्यातच गेले. सुभेदारही असाच एका गिऱ्हाइकाच्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यातून निघाला होता. गोधडी न्यायला गिऱ्हाईक आलं, पिल्लू न्यायला आलं नाही.

भिजलेली गोधडी आप्पासाहेबांची होती. बायको गेल्यावर तिची चार लुगडी त्यांनी आणून दिली होती. "सोमवारी पोरगी माहेरी येती," म्हणाले होते, "आईच्या लुगड्यात निजू द्या तिला." ही लुगडी पुन्हा कुठल्या दुकानात मिळणार?

चतुराबाईंनी गोधडी धुतली, वाळवली, पुन्हा पसरली. दुसऱ्या दिवशी बोका त्याच कोपऱ्यात. पुन्हा धुणं. शेजारच्या आशाबाईनं भिंतीवरून बाटली दिली.

"जागा बाटली तुझी, चतुरे. गोमूत्र शिंपड. सकाळ-संध्याकाळ."

चतुराबाईंनी नेमानं शिंपडलं. बोका दिवसातून दोनदा यायचा, तो आता चारदा यायला लागला.

मुलगा बन्सी टेम्पो चालवायचा. तो म्हणाला, "माय, रविवारी लासूर स्टेशनला चाललो. पोतं काढून ठेव. सोडतो याला धान्याच्या आडतीत. उंदरं लई हायती तिथं, खाईल मजेत."

"तीन दात राहिलेत त्याला. उंदरंच खातील ह्याला."

"मग ठेव मांडीवर घेऊन. गिऱ्हाइकाला काय सांगशील?"

चतुराबाईंनी पोतं काढून दाराशी ठेवलं.

शनिवारी मात्र त्यांनी बोका पिशवीत घातला आणि रिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, लघवी तपासली.

"मुतखडा नाही, काही नाही. सांधे गेलेत. म्हातारा झालाय. घरात त्या जागेवर काही टाकता का?"

"गोमूत्र शिंपडते की. रोज. अन् टबाला फिनेल लागलं होतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाई, त्याला वाटतंय कुणी दुसरंच जनावर येऊन तिथं मुतून जातंय. तो बिचारा आपली हद्द राखतोय. साबणानं धुवा, ऊन द्या. आणि टबाला फिनेल लावू नका."

"ते माझं नाय. वरच्या शिकलेल्याचं हाय."

घरी येऊन त्यांनी फरशी घासली, गोधडी पुन्हा धुतली, बन्सीकडून नवा टब मागवला. पाठ मोडून आली होती. संध्याकाळी सुभेदार टबापाशी आला. पुढचा पाय काठावर ठेवला, काढला. पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. मग मान फिरवून गोधडीकडं निघाला.

चतुराबाईंनी गोधडी उचलून खांद्यावर टाकली आणि तशाच उभ्या राहिल्या. हे त्यांनी कुठंतरी पाहिलं होतं. कुठं म्हणजे, रोज सकाळी स्वतःच्या उंबऱ्यावर. चौकट धरायची, पाय उचलायचा, खाली ठेवायचा, दम घ्यायचा.

"मुडद्या," त्या म्हणाल्या, "तुला बी चढंना व्हय?"

घरात बुटक्या काठाची एकच वस्तू होती. कुरडयांच्या चिकासाठी आणलेली आशाबाईची मोठी परात. त्यांनी एकदा शेजारच्या भिंतीकडं बघितलं, एकदा खांद्यावरच्या लुगड्यांकडं. मग रेती परातीत ओतली.

सुभेदार नुसता चालत आत गेला. एक फेरी मारली, उकरलं, आणि भिंतीकडं तोंड करून बसला. चतुराबाईही तिथंच बसल्या. आठ दिवसांत पहिल्यांदा, काही न धुता.

रविवारी बन्सीनं विचारलं, "पोतं कुठंय?"

"टेम्पोत टाकलंय. येताना बारीक रेती भरून आण."

सोमवारी आप्पासाहेब आले. गोधडी हातात घेतली, उलगडली आणि नाकाशी धरली. चतुराबाईंची नजर भिजलेल्या कोपऱ्यावर गेली.

"उन्हाचा वास येतोय," आप्पासाहेब म्हणाले. "ती बी असंच वाळवायची."

ते गेले आणि भिंतीवरून आशाबाईचं डोकं वर आलं. "चतुरे, परात दे की गं. पाव्हणे यायलेत, कणीक मळायचीय."

"देते गं," चतुराबाई म्हणाल्या, "घासायची राहिलीय."

हे त्यांनी चौथ्यांदा सांगितलं. मागं सुभेदार परातीत रेती उकरत होता.