वहिनीच्या सीटसाठी सात किलो: निगडी, काळेवाडी, चाकण

पिंपरी-चिंचवडकरांनो, चाकणकरांनो, आणि बाहेरगावी कुणी विचारलं की "पुण्यात राहतो" म्हणून मोकळं होणाऱ्या माझ्या सगळ्या भावाबहिणींनो, आज तुमच्याशी बोलायचंय. आपल्याकडे पाहुणे आले की आपण त्यांना गाडीत घालतो आणि थेट लोणावळ्याला नेतो. "इथं काय बघायचंय? कंपन्याच कंपन्या!" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं आणि, लाज वाटते सांगायला, स्वतःही म्हटलं. देशभरातली माणसं ज्या सीटवर बसून फिरतात त्या सीट इथं बनतात. त्या बनवणारे हात इथं राहतात. आणि आपण म्हणतो, बघण्यासारखं काही नाही!

म्हणून हे प्रवासवर्णन. अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर, वेळ दोन शनिवार, आणि निमित्त, माझ्या दादाच्या विमानाला गाद्या आणि गालिचा.

हो, विमानच. दत्तादादा कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाला आणि चाकणच्या पुढे, आमच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन माणसांचं छोटं विमान बांधायला बसला. सहा वर्षं झाली. एक सीट त्याची, दुसरी मंगलवहिनीची. पंखांवरचं कापड फासळ्यांना टाका टाका घालून तिनंच बांधलंय.

विमानात वजनाला कुंपण असतं. दादानं सगळं मोजून सांगितलं, की आतल्या कामाला फक्त सात किलो उरलेत. दोन गाद्या, दोन पाठी, बाजूचं अस्तर, खालचा गालिचा, सगळं त्यात बसवायचं. त्याच्या वर गेलं, तर दोन माणसं आणि इंधन मिळून मर्यादा ओलांडते. मग दुसरी सीट काढायची आणि विमान एकट्याचं. तयार सामान परदेशातून मागवावं, तर त्या पैशात एक जुनी मोटार येते. मी म्हटलं, "दादा, ज्या पट्ट्यात अख्ख्या देशाच्या सीट शिवल्या जातात, तिथून आपण दोन सीटसाठी परदेशात जायचं?" झालं, ठरलं.

पहिल्या शनिवारी सकाळी साडेसातला त्या दोघांनी मला निगडीतून घेतलं. दादाच्या पिकअपला पाच वर्षं झालीत, पण सीटवर शोरूमचं प्लॅस्टिक अजून तसंच. घाम आला की पाठ चिकटते, उठताना चर्रकन आवाज होतो.

"काढ की रे हे."

"राहू दे. मळत न्हाई."

चिंचवडमधून काळेवाडी अर्ध्या तासात आली. कोपऱ्यावर पोहे आणि चहा घेतला, तिघांचे शंभर रुपये. इस्माईलभाईंचं दुकान रिक्षांच्या सीटचं. एका वेळी दोनच माणसं आत मावतील एवढं. तीस वर्षं ते हेच काम करतायत.

"इस्माईलभाई, विमानाची गादी करायचीय," दादा म्हणाला.

त्यांनी मशीनवरून मान वर केली नाही. "दत्ताभाऊ, सकाळी सकाळी दुसरं कुणी भेटलं नाही का?"

दादानं मोबाइलमधला फोटो पुढे धरला. मशीन थांबलं. बराच वेळ ते फोटो बघत राहिले.

"उडतं?"

"परवानगी आली की उडंल."

"मग बसणार कोण, ते आधी सांगा. गादी गाडीची नसते राव, माणसाची असते."

त्यांनी दुकानाबाहेर ओल्या वाळूचं पसरट पोतं टाकलं आणि वहिनीला बसायला सांगितलं.

"रस्त्यावर? अन् वजन बी करणार का माझं?"

"वजन नको वहिनी, ठसा पाहिजे."

वहिनी पदर खोचून बसली. समोरून बस जातायत, स्कूटरवाले वळून बघतायत. एका रिक्षावाल्यानं थांबून विचारलं, "मावशी, कुठं सोडू?"

"ढगात!" वहिनी म्हणाली. इस्माईलभाई हसता हसता टेप शोधायला लागले.

ती उठल्यावर त्यांनी वाळूतला ठसा बोटांनी चाचपला. जिथं खोल, तिथं कडक आणि जाड फोम. जिथं उथळ, तिथं पातळ. बाकी सगळं कापून टाकायचं. नंतर दादा वाळूवर बसला. परदेशी कॅटलॉगात असलं मोजमाप मी पाहिलं नाही. काळेवाडीच्या पदपथावर पाहिलं! रेक्झिन जड म्हणून बाद झालं. मग कापडाच्या तुकड्यांना लायटर लावून बघितला. पहिला तुकडा वितळून ठिबकला, दुसरा भडकला, तिसऱ्यावरची ज्योत लायटर दूर नेताच विझली. तो तिसरा मोटारींच्या सीटसाठी विणलेल्या कापडाचा उरलेला तुकडा होता. तोच घेतला. फोम आणि कापडाचे अठ्ठावीसशे, शिलाईचे साडेतीन हजार.

तिथून चाकण. जाणाऱ्यांनी ऐका, शिफ्ट सुटायच्या वेळी तळेगाव चौकात शिरू नका. आम्ही शिरलो आणि पाऊण तास एका कंटेनरच्या मागं शेंगा खात बसलो. गालिच्यासाठी कारखान्यांतला उरलेला माल विकणाऱ्याकडे गेलो. मोटारीचा गालिचा उपयोगाचा नव्हता, त्याला खालून जड रबर असतं. डिकीत लावतात तो दाबलेल्या धाग्यांचा पातळ नमदा हवा होता. माल किलोवर. दादा एकेक तुकडा हातात तोलून सर्वांत हलका शोधत होता.

दुकानदार मराठवाड्याचा. म्हणाला, "काका, किलोच्या भावात हलकं शोधणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघायलोय. माझा धंदा बसवता का?"

दुसऱ्या शनिवारी इस्माईलभाई स्वतः गाद्या घेऊन शेडवर आले. विमान पाहिल्यावर त्यांनी चपला बाहेर काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. दादानं नमदा आधीच कापून ठेवला होता. पायानं दाबायच्या पट्ट्यांत अडकू नये म्हणून पुढून इंचभर आखूड, आणि तपासणीला उचलता यावा म्हणून खाली उघडबंद होणारी चिकटपट्टी. वहिनीच्या हातचं पिठलं-भाकरी खाऊन आम्ही सगळं सामान कांद्याच्या काट्यावर ठेवलं.

सात किलो तीनशे चाळीस.

इस्माईलभाई म्हणाले, "पाठीचा फोम काढू थोडा?"

"हिच्या कमरेत दुखणं हाय," दादा म्हणाला. "अन् गालिचा काढला तर खालच्या तारांना आडोसा न्हाई. मग दुसरी सीटच..." सहा वर्षांत मी त्याला असं खाली बघताना पाहिलं नव्हतं.

वहिनी काट्याजवळ गेली. गादीवर हात ठेवला. हात चिकटला आणि चर्रकन आवाज झाला.

"अहो, हे प्लॅस्टिक कुणासाठी?"

चौघांच्या डोळ्यांसमोर होतं ते! जाडजूड, पारदर्शक, चारही बाजूंनी शिवलेलं. ग्रॅम-ग्रॅम तोलणाऱ्या दादाला दिसलं नाही, मला दिसलं नाही. सीट म्हटली की ती अशीच, इतकी आपल्या डोळ्यांना सवय.

इस्माईलभाई ओशाळले. "नवं काम आहे वहिनी. प्लॅस्टिकशिवाय द्यायला मन होईना. मळलं असतं."

वहिनीनं कात्री घेतली. "आमच्या सोफ्यावर नऊ वर्षं हाय. मीच राखलंय, पाहुण्यांसाठी." टाका उसवत ती म्हणाली, "आता मीच पाहुणी."

दोन्ही सीटची कव्हरं निघाली. काटा थरथरला आणि थांबला, सहा किलो नऊशे वीस.

दादानं तिघांकडे पाहिलं, मग आकडा खडूनं पत्र्यावर लिहिला. सामान बसवल्यावर वहिनी आत चढली, पाठ टेकली आणि एवढंच म्हणाली, "बरोबर बसलंय." इस्माईलभाई बाहेरून हात घालून काठाच्या शिलाईवरून बोट फिरवत होते.

"तीस वर्षांत माझी शिलाई अशी उघडी बघितलीच नव्हती," ते म्हणाले. "चांगली आहे की राव!"

चांगली आहे! हे त्या माणसाला तीस वर्षांत आपण कुणी सांगितलं नाही, कारण आपण ती कधी पाहिलीच नाही. आपली बोटं जे घडवतात त्याच्यावर आपणच आवरण घालतो, ते जपून ठेवतो कुणातरी मोठ्या पाहुण्यासाठी, आणि वर म्हणतो की इथं बघण्यासारखं काही नाही.

परवानगी यायची आहे, पहिलं उड्डाण व्हायचं आहे. पण विमानात दोन सीट आहेत. रात्री निगडीला मला सोडताना दादाची पिकअप दारात थांबली. मी उतरले, तर पाठीमागून आवाज आला नाही. शेडवरून निघायच्या आधीच वहिनीनं तीही सीट उघडी केली होती.

आता तुमची पाळी. हे वाचून झालं की खाली उतरा आणि गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक काढा. आजच.