जेबेटच्या आईची बहात्तर मिनिटं

सालिना आमच्या शेजारच्या पत्र्याच्या खोलीत राहायला आली, तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती आणि शर्यत म्हणून आयुष्यात एकदाही धावलेली नव्हती. आमच्या इटेनमध्ये, या धावणाऱ्यांच्या डोंगरगावात, हे सांगितलं तर लोकांना हसू येतं. त्या वयात इथल्या बायका बूट टांगून ठेवतात आणि गाई घेतात.

नवऱ्याने दुसरी आणली म्हणून ती केरिओच्या खोऱ्यातून वर चालत आली होती. मुलगी जेबेट मात्र खालीच राहिली. लग्नात सासऱ्याने तिच्या बापाला गाई मोजून दिल्या होत्या, म्हणजे पोर त्यांची. सासरा म्हणाला होता, "स्वतःचं घर बांध, मग ने पोरीला. भाड्याच्या खोलीत आमचं रक्त राहणार नाही."

धावणाऱ्यांच्या एका कॅम्पमध्ये तिला मक्याच्या पिठाची उगाली रांधायचं काम मिळालं. तिथे तिने पाहिलं की या गावात बाईच्या नावावर घर लागतं ते पायांच्या जोरावरच, शर्यतीच्या बक्षिसातून. एका पहाटे जुने, अंगठ्याशी फाटलेले बूट घालून ती पोरींच्या घोळक्यामागे धावायला गेली.

"आजी, दूध उतू जाईल, घरी जा!" पोरी ओरडल्या.

"जाऊ दे उतू," सालिना म्हणाली. पहिल्या चढालाच तिला उलटी झाली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली.

अराप मुरेई त्या कॅम्पचे कोच. तरुणपणी परदेशात धावून आलेले. पहिलं वर्षभर त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पण तिची वेळ उतरत गेली. अर्धी मॅरेथॉन ती आधी दीड तासात धावायची, मग ऐंशी मिनिटांत, मग पंचाहत्तर. शेवटी मुरेईंनीच तिला परदेशी एजंटासमोर उभं केलं. एजंटाने तिचं वय विचारलं आणि तोंड वाकडं केलं. "बहात्तरच्या आत आली तर युरोपातल्या शर्यतींना नेतो. नाहीतर नाही."

चौऱ्याहत्तरवर ती अडकली ती अडकलीच. दोन वर्षं. मी बाजारात सुकुमाची पालेभाजी विकते. उरलेल्या जुड्या तिच्या दारात ठेवायचे, तर सकाळी तशाच सुकलेल्या दिसायच्या.

"अगं, खात का नाहीस?"

"जड होते, केनेडीची आई. अंगावर एक शेरभर मांस वाढलं तरी चढाला कळतं."

"मांस आहे कुठे तुझ्या अंगावर? नुसता सापळा झालाय."

मग तिची नडगी दुखायला लागली. मी गरम पाण्याने शेकत होते, तेव्हा हाडावर एका जागी माझं बोट पडलं आणि तिने कमरेला गुंडाळलेल्या लेसोचं टोक दातांत धरलं. मी म्हटलं, मुरेईंना सांग. तिने माझं मनगट घट्ट पकडलं. "त्यांना कळलं तर एल्डोरेटच्या शर्यतीला उभं करणार नाहीत. एजंट त्याच शर्यतीला येणार आहे. पुढच्या वर्षी मी तेहेतीसची होईन. मग कोण बघणार माझ्याकडे? शपथ घे, कुणाला सांगणार नाहीस."

मी घेतली.

शर्यतीला मी भाड्याच्या मटाटू गाडीने तिच्याबरोबर गेले. तिचे कपडे पोटाशी धरून शेवटच्या फितीपाशी उभी राहिले. ती वळणावर दिसली, तेव्हा मला वाटलं दुसरीच कुणी आहे. तोंड उघडं, मान एका बाजूला पडलेली, उजवा पाय टेकला की सगळं अंग कलत होतं. घड्याळात एकाहत्तर मिनिटं आणि वर काही सेकंद. फीत ओलांडून ती माझ्या अंगावर कोसळली.

"किती? किती गं?"

"एकाहत्तर! झालं तुझं, बाई, झालं!"

ती हसतही होती आणि पाय धरून विव्हळतही होती. तशातच माझा फोन घेऊन तिने सासऱ्याला लावला आणि जेबेटला बोलवून घेतलं. "कपडे धुऊन ठेव, बाळा. आई तुला न्यायला येतेय."

तिला गाडीत घालायच्या आधीच मुरेई आले. टोपी हातात होती. "सालिना, मोजणीत रस्ता कमी भरलाय. परतायचं वळण चुकीच्या खांबापाशी लावलं होतं. आज कुणाचीच वेळ धरणार नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे तू पूर्ण अंतर धावलीच नाहीस, पोरी."

"मी नाही धावले? मग हा पाय कशाने मोडला?" ती ओरडली. "एजंटाला सांगा, मी पुन्हा धावते! राहिलं तेवढं आत्ता धावून दाखवते!" आणि ती खरंच उठली. दोन पावलं टाकली आणि खाली बसली. एजंटाची गाडी तोवर निघून गेली होती.

हाड आरपार तडकलं होतं. प्लास्टर घातलं. तिसऱ्या दिवशी मी नको नको म्हणत असताना ती मटाटूने खोऱ्यात उतरली. मी बरोबर होते. जेबेट धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन अंगणात बसली होती. सासऱ्याने तुंब्यातलं आंबट दूध आमच्यापुढे ठेवलं आणि एकच विचारलं, "घर झालं?"

सालिनाने नाही म्हणून मान हलवली.

जेबेटने आईच्या प्लास्टरकडे पाहिलं. मग ती गाठोडं उचलून आत गेली. परत येताना घाटात सालिना रडली नाही. खिडकीबाहेर बघत तिने मला विचारलं, "प्लास्टर किती दिवसांनी काढतात गं?"

हाड जुळलं, पण किंचित तिरकं. आता ती घोळक्याच्याही मागे धावते. वेळ ऐंशीच्या वर गेली आहे आणि मुरेई ती विचारत नाहीत. परवा त्यांनी तिला बाजूला घेतलं. मी तिथेच सुकुमा निवडत होते.

"पुरे कर आता. चांगली धावलीस."

"तुम्हीच म्हणालात ना, पूर्ण धावले नाही," ती म्हणाली आणि बुटाची नाडी बांधायला वाकली.